मदत हवी आहे: फुलानी मुलींची शिकायची इच्छा मोजायची कशी?

नमस्कार मंडळी, एमएडच्या प्रबंधात अडकलेय, शिक्षणशास्त्रवाले कुणी असतील तर प्लीज सांगा. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या नायजेरियात, कडुनाला असते, म्हणून विषय घेतला इथल्या फुलानी या भटक्या, गुरं पाळणाऱ्या जमातीतल्या मुलींची प्रेरणा आणि शाळेतलं यश. भटक्यांच्या शिक्षणासाठी १९८९ पासून राष्ट्रीय आयोग आहे, मुख्यालय याच शहरात, घडी करून नेता येणारे वर्ग, रेडिओवरचे कार्यक्रम, सगळं करून झालंय.

गाइड म्हणतात प्रेरणेची प्रश्नावली भरून घे, मार्कांशी कोरिलेशन काढ, संपलं. मला हे पटतच नाहीये, कारण पाऊस संपला की बरीच कुटुंबं गुरं घेऊन चाऱ्यासाठी दक्षिणेला, बेन्वे नदीच्या बाजूला सरकतात आणि शाळेचं वर्ष तर सप्टेंबरलाच सुरू झालेलं असतं, मग मार्क कमी म्हणजे इच्छा कमी असं कसं म्हणणार? वर भाषाही वेगळी, शाळेत हाउसा नि इंग्रजी, घरी फुल्फुल्डे. मुलगे गुरांमागे असतात, मुली आईबरोबर नोनो म्हणजे आंबट दूध विकायला. दुधाचा पैसा बायकांच्या हातातला, त्यामुळे पोरगी शाळेत गेली की फटका आईलाच. लग्नंही लवकर. बाजारात नायरांचा (इथलं चलन) हिशोब तोंडी करणाऱ्या पोरीला 'प्रेरणा कमी' लिहायला माझा हात धजत नाही (गाइडचा धजेल).

तर गैरहजेरीचा परिणाम वेगळा कसा काढायचा? आणि धड वाचता न येणारीला पाच पर्यायांची प्रश्नावली कशी द्यायची? साखरशाळा किंवा धनगरांच्या मुलांबरोबर काम केलेल्यांनी जरूर लिहा.

ऊसकरी: हंगामी वसतिगृहावर काम केलंय. नुसते हजेरीचे दिवस मोजू नकोस, शाळा आवाक्यात होती तेव्हा त्यातले किती दिवस आली ते मोज. आणि सगळं बिऱ्हाड हलतं त्या मुली एका गटात, आजीपाशी मागे राहतात त्या दुसऱ्या. एकत्र केलंस तर काहीच कळणार नाही.

सुलभा_ताई: +१. पाच पर्याय सोडा, चित्रं दाखवून तोंडी विचारा, फुल्फुल्डे येणारी बाईच हवी. गणितही तोंडी घ्या, लेखीशी ताडून बघा. आईलाही विचारा पण मुलीसमोर नको.

धागाकर्ती: दोघांनाही थँक्स! आवाक्यातले दिवस ही आयडिया भारीच. फक्त एक, शाळा जवळ आहे, मुलगी आली, पण मास्तरच आले नाहीत, असे दिवस कुठे धरू?