दुसऱ्या सहीआधी तपासणी करून घ्यायची आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय 31. आमच्याकडे लग्नाच्या नोंदणीसाठी दोनदा सही करावी लागते; त्यातली आमची पहिली सही गेल्या आठवड्यात झाली असून दुसऱ्या सहीपूर्वी मला लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांची तपासणी करून घ्यायची आहे. याआधी माझे दोन संबंध होते आणि शेवटचा संपून आठ महिने झाले. कंडोम बहुतेक वेळा वापरला, पण नेहमी नाही. शिवाय काही वेळा त्यासोबत खोबरेल तेल वापरले, आणि तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन कंडोम फाटू शकतो, हे मला फार उशिरा कळले. (आमच्या घरी खोबरेल चालत नाही अशी जागाच नव्हती.) त्रास काहीही नाही, मात्र क्लॅमिडिया आणि गोनोरिया अनेकदा लक्षणांविना राहतात, म्हणून त्यावर विसंबून राहणे मला पटत नाही.

तीन महिने केव्हाच उलटून गेल्यामुळे एचआयव्हीच्या रक्तचाचणीचा निष्कर्ष आता निर्णायक मानता येईल, ती सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते आणि 2017 च्या कायद्याने संमती व गोपनीयता बंधनकारक आहे, एवढे मी वाचले आहे. तरीही 1989 मध्ये एचआयव्हीची लागण आढळली म्हणून गोव्यातल्याच डॉमिनिक डिसोझा यांना म्हापशात 64 दिवस डांबून ठेवले होते, ही हकिगत ऐकतच आमची पिढी वाढली. काळ बदलला, परंतु गोवा एवढासा, की रांगेत उभे राहिल्यावर ‘तू कोणाचा रे?’ असे विचारणारा कोणीतरी भेटतोच. म्हणून म्हापशाऐवजी बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेल्यास ओळखीचे कमी भेटतील का? सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि लघवीच्या नमुन्यावरून होणाऱ्या क्लॅमिडिया-गोनोरियाच्या चाचण्या तिथे एकाच खेपेत होतात का? एका खाजगी प्रयोगशाळेने मला नागिणीच्या नव्हे, जननेंद्रियांच्या हर्पीसच्या रक्तचाचणीसह मोठे पॅकेज सुचवले. लक्षणे नसताना ती चाचणी सहसा करत नाहीत, असे माझ्या वाचनात आले असल्याने मी थांबलो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. माझ्या होणाऱ्या पत्नीला हे सांगायचे, हे ठरले आहे. फक्त अहवाल हाती आल्यावर सांगावे, की आधी सांगून दोघांनी मिळून तपासणीला जावे, हे ठरत नाही. तिला तपासणी सुचवली, तर मी तिच्यावर संशय घेतो आहे असे तिला वाटू नये. ज्यांनी लग्नापूर्वी जोडीने तपासणी केली आहे, त्यांनी हा विषय घरी कसा काढला, ते कृपया लिहावे. ‘काही होत नाही, उगाच भितोस’ असे उत्तर मात्र नको.