मदत हवी आहे: सेटलमेंटमुळे सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पडलंय, एफडीवरचं क्रेडिट कार्ड घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टरांचा छोटा टेम्पो आहे, अंबडच्या कारखान्यांचा माल सातपूर-सिन्नरला पोचवतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी दारात उभी राहिली, पर्सनल लोनचे हप्ते थकले आणि शेवटी फायनान्स कंपनीशी सेटलमेंट केली, म्हणजे थोडे कमी पैसे भरून कर्ज मिटवलं. "आता विषय संपला," असं वसुलीवाला सांगून गेला. आता दुसऱ्या टेम्पोसाठी कर्ज मागितलं तर अर्ज नामंजूर! रिपोर्टमध्ये स्कोअर ५९२, त्या कर्जापुढे 'सेटल्ड' आणि राइट-ऑफ (कंपनीने सोडून दिलेली रक्कम) ११,४०० रुपये.

बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, एफडी करा आणि त्यावर कार्ड घ्या. दुसरीकडे द्वारकेजवळचा एक एजंट ६,००० रुपयांत सिबिल 'साफ' करून देतो म्हणतोय. माझ्या भिशीचे ३५,००० आलेत, घरात तेवढेच आहेत. ते सगळे एफडीत अडकवावेत का? एफडी माझ्या नावावर आणि कार्ड मिस्टरांचं, असं चालतं का? कार्ड नीट वापरलं तर 'सेटल्ड' निघून जाईल का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं. मुलीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची आहे, त्यामुळे फार जीव टांगणीला लागलाय.
– सिडकोकर

गोदाकाठ:
ताई, आधी त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका आणि ओटीपी तर मुळीच नाही. खरी असलेली नोंद कोणीही पुसू शकत नाही. चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रोजचे १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही काढा, कधीकधी एकात वेगळंच निघतं.

कार्डाने 'सेटल्ड' जाणार नाही. मी बँकेत नोकरी केली आहे, कर्जाच्या फाइलमध्ये साहेबांची नजर पहिली तिथेच जाते. म्हणून ११,४०० आधी फेडा. फायनान्स कंपनीकडून आकडा लेखी घ्या, खात्यावरूनच भरा, नो ड्यूज (काही बाकी नाही) पत्र घ्या आणि नोंद 'क्लोज्ड' करायला लेखी सांगा.

उरलेल्यातून फी बाजूला काढा, मग जमेल तेवढी एफडी. ती मिस्टरांच्याच नावावर हवी, कारण स्कोअर कार्डधारकाचा सुधारतो. नॉमिनी म्हणून तुमचं नाव नक्की घाला, पैसे तुमच्या भिशीचे आहेत. एफडीवर बँक लिएन लावते, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवते. व्याज चालू राहतं, पण कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही. समजा १५,००० ची एफडी केली आणि ९० टक्के लिमिट मिळालं, तर १३,५०० होतात. बिल निघताना त्यातले ४,००० च्या आतच वापरलेले दिसले तर बरं. डिझेल टाका आणि पूर्ण बिल वेळेत भरा. फक्त 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) भरत राहिलात तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज चढतं, आणि एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून. बिल थकलं तर बँक एफडीतून वसूल करेल, पण थकबाकीची नोंद रिपोर्टमध्ये राहीलच.

सिडकोकर:
खूप आभार दादा. म्हणजे आधी ११,४००, मग कार्ड. पण कंपनीने दंड-व्याज लावून आकडा फुगवला तर?

गोदाकाठ:
घासाघीस करा, दंड माफ करतात बऱ्याचदा. फक्त पत्रात 'संपूर्ण येणे वसूल' असं लिहून घ्या, 'तडजोड' हा शब्द आला की परत सेटल्डच लागेल. तोवर टेम्पोसाठी नवीन अर्ज कुठेच टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.