मदत हवी आहे: राऊटरचं बेअरिंग गेलंय की कोलेट?

माझ्याकडे अर्धा इंची कोलेटचा (कोलेट म्हणजे बिटचा दांडा धरणारी चिरांची नळी) प्लंज राऊटर आहे, म्हणजे लाकडात खाचा मारायचं, खाली दाबता येणारं मशीन. कामं मुख्यतः कपाटं आणि किचन ट्रॉलीची, म्हणजे प्लाय आणि एमडीएफ भरपूर. हल्ली १२ मिमीच्या सरळ बिटने खाच मारली की व्हर्नियरवर १२.२ च्या आसपास भरते. सागवानात तर खाचेची एकच भिंत काळी पडते. बिट नवीन आहे, दुसरं लावूनही तेच. बंद करताना, वेग उतरत असताना, हलकी घरघर ऐकू येते.

दुरुस्तीवाल्याने हातात घेऊन शाफ्ट हलवला आणि 'दोन्ही बेअरिंगं गेली' म्हणाला. तेवढ्यावर मशीन खोलायला मन तयार होईना. उद्यमनगरातल्या ओळखीच्या टर्नरकडून डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) आणला. वायर काढून, राऊटर पत्र्याच्या टेबलाखाली उलटा बसवलेला असतानाच, टेबलावर गेजचा मॅग्नेटवाला बेस ठेवून रीडिंग घेतली. कोलेट काढून स्पिंडलच्या (फिरत्या शाफ्टच्या) आतल्या टेपरवर, म्हणजे कोलेट बसतं त्या निमुळत्या भोकात, हाताने एक फेरा: ०.०२ मिमी. कोलेटमध्ये १२.७ ची ग्राइंड केलेली पिन धरून नटाजवळ ०.०५, तिथून २५ मिमी पुढे ०.१६. पिन बाजूला दाबून सोडली की काटा ०.०८ हलतो.

बेअरिंगं बदलू का? दोन्ही की फक्त खालचं, कोलेटकडचं?

प्रतिसाद

दादा, थांबा. फिरवून मिळतो तो रनआऊट (झोल) आणि दाबून मिळतो तो प्ले (ढिलेपणा), दोन्हींची कारणं वेगळी. स्पिंडल वाकलेला असेल तर बेअरिंग कोरं करकरीत असूनही रनआऊट दिसेल. उलट बेअरिंग ढिलं असेल तर हाताने सावकाश फिरवताना काटा बऱ्याचदा शांत राहतो, खरा त्रास लोड आल्यावर.

तुमचा टेपर ०.०२ दाखवतोय, म्हणजे स्पिंडल सरळ आहे. पिनवर आकडा पुढे वाढत जातोय, म्हणजे पिन कोलेटमध्ये तिरकी बसतेय. आता पिन कोलेटमध्ये अर्धा फेरा फिरवून परत आवळा. उंच जागा पिनबरोबर सरकली तर पिन वाकडी. जागेवरच राहिली तर कोलेट स्पिंडलमध्ये अर्धा फेरा फिरवून बघा. कोलेटबरोबर सरकली की चोर सापडला.

आणि एमडीएफवाले असाल तर आधी कोलेटच्या चिरा बघा. डिंक आणि भुसा दाबून बसलेला असतो. पितळी ब्रश, थिनर, कोरडं फडकं. टेपरही आतून पुसा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण ०.०८ वर माझा विश्वास नाही. मॅग्नेट टेबलावर होता ना? मग पिन दाबताना मोटर प्लंजच्या दांड्यांवर डुलते आणि तो डोलही काट्यावर येतो. प्लंज लॉक करा, गेजचा आधार मोटरच्या बॉडीवरच घ्या. बॉडी ॲल्युमिनियमची, मॅग्नेट चिकटणार नाही, त्यामुळे लोखंडी पट्टी सी-क्लॅम्पने आवळून तिच्यावर बेस ठेवा. हाच डोल दुरुस्तीवाल्याच्या हातालाही लागला असणार. हाताला प्ले कळतो, कुठला ते कळत नाही.

उभा खेळही तपासा. मात्र काही मशीनमध्ये वरच्या बेअरिंगजवळ वेव्ह वॉशर (लाटेसारखी स्प्रिंगची चकती) असतो. शाफ्ट दाबल्यावर किंचित जाऊन स्प्रिंगने परत आला तर तो दोष नव्हे. 'टक्' असा सैल आवाज आला तर दोष.

धागाकर्ता

केलं. पट्टी बांधून, प्लंज लॉक करून प्ले ०.०३. उभा खेळ नाही. पिन फिरवून फरक नाही, कोलेट फिरवल्यावर उंच जागा त्याच्याबरोबर गेली. साफ केल्यावर २५ मिमीवर ०.१६ चे ०.११ झाले, त्याखाली उतरत नाही. कोलेटच्या तोंडाशी आतून चकचकीत पट्टा दिसतोय, मागच्या बाजूला नाही.

प्रतिसाद

म्हणजे तोंड घासून भोक फाकलंय, मागे पकडच नाही. शँक (बिटचा दांडा) अर्धवट घातली की असंच होतं. नवीन कोलेट घ्या, जमल्यास नटासकट. शँक तळाला टेकवून मग दोन-तीन मिमी वर ओढा आणि आवळा. रिकामं कोलेट कधी आवळू नका.

खाचेचं गणितही जुळतं: बिट जेवढं झोलतं तेवढी खाच साधारण रुंद होते. भिंत जळते कारण दोन पात्यांपैकी एकच कापतं, दुसरं नुसतं घासतं.

०.०३ प्ले बेअरिंगच्या मूळ क्लिअरन्समध्ये (आतल्या मोकळ्या जागेत) खपून जातो. घरघर मात्र वेगळी बघा. कार्बन ब्रश काढून शाफ्ट बोटाने फिरवा. आता खरखर लागली तर खालचं बेअरिंग बदला, कारण भुसा आधी तिथेच शिरतो. बाजूवर छापलेला नंबर पूर्ण उतरवून घ्या. शेवटी सी३ (आतला क्लिअरन्स नेहमीपेक्षा जास्त असल्याची खूण) असेल तर सी३च, आणि रबर सीलचं. काढताना पुलर वापरा, नवीन बेअरिंग शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवरच दाब द्या. बाहेरच्या रिंगवर हातोडी बसली की नव्यालाही पहिल्या दिवसापासून घरघर.