मदत हवी आहे: बिनबॅटरीचा रेडिओ मुका आहे, डायोड जर्मेनियमचाच लागतो का?

धडपड: मुलीच्या प्रकल्पासाठी बिनबॅटरीचा रेडिओ केलाय. परवा द्यायचाय. कॉइल, गँग (स्टेशन लावायचा कंडेन्सर), एरियल, अर्थिंग तीनतीनदा तपासलं. डायोडही (वीज एकाच दिशेने सोडणारा भाग) बदलला. आवाज शून्य. लवकर सांगा.

खरखर: डायोडचा नंबर? इयरफोन कुठला?

धडपड: नंबर वाचता येत नाही. नारिंगी काच, काळी पट्टी. जर्मेनियम म्हणूनच दिलाय.

खरखर: बहुतेक १एन४१४८, म्हणजे सिलिकॉन. त्याला चालू व्हायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात, जर्मेनियमला ०.२ ते ०.३. एरियलवरचा सिग्नल इतका क्षीण, की सिलिकॉन तो पुढे जाऊच देत नाही. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावून आकडा सांगा. १एन३४ए हा जर्मेनियमचा डायोड मिळाला तर भिंगातून बघा, काचेत केसाएवढी तार जर्मेनियमच्या तुकड्याला टोकाने टेकलेली दिसते. सोल्डर करताना पाय चिमट्यात धरा, उष्णता त्याला सोसत नाही.

जुनाजाणता: डायोड हवाच कशाला? गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, खडा आणि बारीक तार. आम्ही तसेच ऐकलेत.

खरखर: खड्यावरची नेमकी जागा शोधण्यात दिवस जातो. यांना परवा द्यायचंय!

जुनाजाणता: सापडते हो, हात स्थिर हवा.

अणुरेणू: प्रकल्पाच्या तक्त्यावर जर्मेनियमच्या नावाची गोष्ट जरूर लिहा. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८७१ मध्ये तिच्यातल्या सिलिकॉनखालच्या रिकाम्या घरासाठी ‘एका-सिलिकॉन’चं भाकीत केलं, अणुभार सुमारे ७२. १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंकलरला ते मूलद्रव्य सापडलं, अणुभार ७२ च्या जरासा वर! नाव दिलं स्वतःच्या देशाचं, जर्मनीचं. डिसेंबर १९४७ मधला पहिला ट्रान्झिस्टरही जर्मेनियमचाच. मला अजून अंगावर काटा येतो.

निवांत: जर्मेनियमच्या गोळ्यांनी ताकद येते म्हणतात, खरं का?

अणुरेणू: अजिबात घेऊ नका. त्याने मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत. त्याची जागा इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या भिंगात आणि ऑप्टिकल फायबरच्या गाभ्यात.

धडपड: आकडा ०.६१ आला. इयरफोन मोबाइलचाच आहे, त्याने काय होतंय?

खरखर: अहो, तेच तर पहिल्यांदा विचारलं! तो जेमतेम ३२ ओहमचा, सगळा सिग्नल तिथेच बसतो. नुसता डायोड बदलून भागणार नाही, खूप जास्त ओहमचा क्रिस्टल इयरफोनही आणा.

धडपड: दोन्ही आणले. मीटरवर ०.२८. कुणीतरी बोलतंय, अगदी बारीक! मुलगी कानातून काढायलाच तयार नाही. पण आवाज फाटतोय.

खरखर: इयरफोनला समांतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर टाकलात का?