मदत हवी आहे: गावचा राखणदार गाचा बॅनरवर ठेवावा का?

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातले आम्ही चौघे मोबाइलसाठी एक लहानसा कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेम करतो आहोत. संवाद मराठीत, हाका आणि भांडणं कोकणीत. माडावर चढून सूर (माडाची ताडी) काढणारा रेंदेर, घुमट वाजवणारी मुलगी, मानशीची (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाची) दारं सांभाळणारा गडी आणि सत्तरीच्या रानातली वैदीण अशी चार पात्रं सध्या खेळता येतात. पुढच्या अपडेटमध्ये पाचवं येतंय आणि त्याच्यावरून आमच्यात दोन तट पडलेत. ते पात्र म्हणजे राखणदार, आणि वाद हा की त्याला गाचा बॅनरवर, म्हणजे पैसे घालून नशिबाने पात्र मिळवण्याच्या सोडतीत, ठेवावं का.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात: गावाची शीव राखणारा कोणीतरी असतो अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. कुठे त्याला देवचार म्हणतात, कुठे आमोण्यासारखा वेताळ देवळात उभा असतो. रात्री हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा घालून तो गावाला फेरी घालतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून लोक नवा जोड वाहतात. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि माझ्यासाठी ती नुसती गोष्ट नाही.

खेळातही तो तसाच असावा हा माझा हट्ट. तो टँक (सोबत्यांवरचा मार झेलणारा) आहे, पण ढाल धरून एका जागी थांबणारा नव्हे. त्याची पाळी आली की तो पटावरच्या चौकोनांवरून चालत जातो आणि जिथून गेला तिथे शीव आखली जाते. शिवेच्या आतल्या सोबत्यांना मार कमी लागतो. बाहेरचा शत्रू आत शिरला की त्याची एक पाळी जाते. दर फेरीला वहाणा झिजतात. पार झिजल्या की शीव पुसली जाते आणि कोणा सोबत्याने स्वतःची पाळी खर्चून त्याला नवा जोड वाहायचा. अल्टिमेटला, म्हणजे सगळ्यात मोठ्या चालीला, तो काठी आपटतो आणि पडलेला एक सोबती उठून शिवेच्या आत येतो.

आता अडचण. चित्रं, आवाज, सर्व्हर यांचा खर्च कुठून तरी निघायला हवा. एका मित्राचं म्हणणं, राखणदार बॅनरवर ठेवू, रेट (एका पुलला, म्हणजे सोडतीतल्या एका प्रयत्नाला, मिळण्याची शक्यता) १ टक्का, पिटी (ठरावीक पुलांनंतर नक्की मिळण्याची हमी) नको. "१ टक्का म्हणजे १०० पुलांत मिळणारच की!" दुसऱ्याची कल्पना, काठी, घोंगडी, वहाणा आणि दिवटी हे चार भाग वेगवेगळे पुलमधून काढायचे आणि चारही जमले की राखणदार मिळेल. दिसायला ती सुंदर वाटते, पण मला तिच्यात काहीतरी खटकतंय आणि नेमकं बोट ठेवता येत नाही.

गेन्शिन इम्पॅक्ट या गाचा गेममध्ये नवं पात्र बऱ्याचदा आधी कथेत भेटतं, मग त्याचे व्हिडिओ येतात, आणि बॅनर लागला की ट्रायलमध्ये फुकट चालवून बघता येतं. साधारण सहा आठवड्यांची एक आवृत्ती आणि तिच्यात बॅनरचे दोन टप्पे. आमचा जीव तेवढा नाही. कमीत कमी काय केलं तर खेळणाऱ्याला हा माणूस कोण आहे ते कळेल? आणि मुळात राखणदार पैशाच्या सोडतीत बसवणं तुम्हाला पटतं का? ज्यांना गणित कळतं आणि ज्यांना गाव कळतं, दोघांकडूनही ऐकायचं आहे.

प्रतिसाद, म्हापसा

ताई, किट (राखणदाराच्या चालींचा संच) फार आवडलं. गणिताचं मी सांगतो.

१ टक्का रेट आणि पिटी नाही, तर १०० पुल मारूनही साधारण ३७ टक्के लोकांच्या हाती राखणदार लागणार नाही. ०.९९ चा शंभरावा घात काढून बघा. प्रत्येक पुल नव्याने सुरू होतो, आधीच्या ९९ ची त्याला आठवण नसते. तुमच्या मित्राला हे आकडे दाखवा. गेन्शिनमध्ये फाइव्ह स्टारचा (सगळ्यात दुर्मिळ दर्जाचा) मूळ रेट ०.६ टक्केच आहे, पण ९० व्या पुलाला फाइव्ह स्टार नक्की मिळतो, आणि म्हणूनच सरासरी १.६ टक्क्यांवर जाते. त्या पिटीशिवाय ९० पुलांनंतरही ५८ टक्के लोक रिकामे राहिले असते. शिवाय तिथे पहिल्यांदा आलेला फाइव्ह स्टार बॅनरवरचाच असेल असं नाही. तो हुकला तर पुढचा मात्र नक्की बॅनरवरचा. म्हणजे सगळ्यात वाईट नशिबाला १८० पुल, एका पुलाला १६० प्रायमोजेम्स (खेळातलं चलन), एकूण २८,८००. एवढं साठवायला फुकट खेळणाऱ्याचे कित्येक महिने जातात.

लहान गेमला माझी सूचना: रेट २ टक्के, पिटी ५० वर, आणि मिळेल तो बॅनरवरचाच, मध्ये फसवाफसवी नको. सरासरी ३२ पुलांत पात्र हातात येतं. एक लक्षात ठेवा, यातही साधारण ३७ टक्के लोक शेवटच्या पन्नासाव्या पुलापर्यंत जातील. किंमत ठरवताना सरासरी धरू नका. ५० पुलांचे किती होतात ते बघा आणि ती रक्कम कॉलेजच्या पोराला सांगायला तुम्हाला संकोच वाटत असेल तर ती जास्त आहे.

आणि ते चार भाग! तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर आहे. जपानमध्ये याला कॉम्प्लीट गाचा म्हणायचे आणि २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने ही पद्धत बेकायदा ठरवली. कारण असं: चारही भाग सारख्या शक्यतेने येत असतील तर संच पुरा व्हायला सरासरी आठ-साडेआठ भाग काढावे लागतात, आणि त्यातले चार एकट्या शेवटच्या भागासाठी जातात. तीन हातात आहेत, आता सोडवत नाही, अशा जागी माणूस सगळ्यात जास्त पैसे घालतो.

प्रतिसाद, वाळपई

गणित तुमचं तुम्ही बघा, मी गावाचं सांगतो.

राखणदार नशिबाने मिळत नाही. तो आहेच. तुम्ही त्याला सांगणं घालता, आणि तो सोबत येतो. जत्रेतल्या गडगड्यावर पैसे लावून जे मिळतं ते वेगळं. आमच्या घरी प्रवासाला निघताना, शेतात नांगर घालताना, चवथीच्या आधी, प्रत्येक वेळी गाऱ्हाणं (देवाला विनवणी) घातलं जातं. एक जण बोलतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तुमच्या खेळात त्याचा प्रवेश याच्यातच आहे की!

असं करा. पहिल्या प्रकरणात तो दाखवूच नका. रात्रीच्या पटावर फक्त काठीचा आवाज, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दुसऱ्या प्रकरणात खेळणारा वाट चुकला तर सकाळी तो गावाच्या वेशीवर असतो, कसा ते कोणी सांगत नाही. तिसऱ्यात म्हातारी वैदीण गाऱ्हाणं घालते आणि प्रत्येक ओळीनंतर खेळणाऱ्याने पडदा दाबून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शेवटच्या ओळीला तो पथकात येतो. एकही नाणं न घालता. त्याला नाव देऊ नका, आणि तोंडी वाक्यंही फार घालू नका.

एक विनंती. कुठल्याही खऱ्या गावच्या देवस्थानाची मूर्ती किंवा नाव वापरू नका. गाव तुमच्या मनातलं ठेवा. आणि गाऱ्हाण्याचे शब्द लिहिण्याआधी घरातल्या जाणत्या माणसांना ऐकवा. त्यांना आवडेलच. आपल्याला कोणी विचारायला आलं याचंच अप्रूप असतं.

प्रतिसाद, मडगाव

मी थोडा विरोधात बोलते. फुकट दिलेलं पात्र लोक टिकवत नाहीत. गेन्शिनमध्ये अँबर, केया आणि लीसा कथेतूनच मिळतात. माझ्या ओळखीतले किती जण ती पुढे वापरतात? फारच थोडे. राखणदार तुमचं सगळ्यात जास्त मेहनतीचं पात्र आहे. बॅनर म्हणजे पाप नव्हे. खेळणारा खुशीने पैसे देत असेल तर कलाकाराला त्याचा मोबदला मिळतो.

पण बॅनर केलाच तर रेट खेळाच्या आतच, खरेदीच्या बटणाआधी लिहा. ॲपलच्या स्टोअरवर २०१७ पासून ते सक्तीचं आहे, गूगल प्लेवरही तसाच नियम आहे. आणि २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आहे. तुमच्या गेममधून पैसे परत बाहेर पडण्याची वाट अजिबात ठेवू नका, म्हणजे पात्रांची किंवा अकाउंटची विक्री वगैरे. तरीही एकदा वकिलाला दाखवा.

प्रतिसाद, वाळपई

मडगावच्या ताईंना: फुकट मिळालं म्हणून पडून राहतं असं नाही, दुबळं असेल तर पडून राहतं. होन्काई स्टार रेल या गाचा गेमने २०२३ च्या शेवटी डॉक्टर रेशिओ हा फाइव्ह स्टार सगळ्यांना फुकट दिला आणि लोकांनी तो भरपूर खेळला, कारण तो कामाचा होता. शीव आखणारा टँक कामाचा आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही चौघे हा धागा समोर ठेवून बसलो. चार भागांची कल्पना रद्द झाली. ज्याची होती त्यानेच शेवटच्या भागाचं गणित कागदावर मांडून ती काढून टाकली. राखणदार तिसऱ्या प्रकरणात गाऱ्हाण्यातून सगळ्यांना मिळेल, पूर्ण ताकदीचा. मडगावच्या ताई, तुमचा मुद्दा मला सोडवत नव्हता, म्हणून बॅनर ठेवतोय, पण त्याच्यासोबत येणाऱ्या सहाव्या पात्रासाठी: रोमटात (शिगम्याच्या मिरवणुकीत) ताशा वाजवणारा एक तरुण. तो माणूस आहे, त्याला सोडतीत ठेवायला माझं मन अडत नाही. रेट २ टक्के, पिटी ५०, आणि दोन्ही आकडे पुलच्या बटणाच्या वरच मोठ्या अक्षरात. पन्नास पुलांची किंमत किती ठेवावी यावर अजून वाद चालू आहे, पण ती कमी ठेवण्याच्या बाजूने आता तिघे आहेत.

वहाणांचं एक राहिलं. प्रत्येक फेरीला झिजणं खेळून बघणाऱ्यांना जाचक वाटतंय, आणि मला ते काढायचं नाही, कारण त्याला काहीतरी द्यावं लागतं हाच त्या नात्याचा गाभा आहे. दोन फेऱ्यांनी झिजवावं, की झिजणं तेवढंच ठेवून जोड वाहणाऱ्या सोबत्याला काही बळ द्यावं? टँक खेळणाऱ्यांनी सांगावं. आणि वाळपईचे दादा, गाऱ्हाण्याचा मसुदा तयार झाला की तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवाल ना?