कार्ल्सक्रोनात खलाशाने मारहाण केली, तर निवाडा कोणाचा?

प्रश्न (इतिहासाची विद्यार्थिनी, वर्धा जिल्हा)
स्वीडनचा राजा अकरावा चार्ल्स याने १६८० साली ब्लेकिंगे प्रांतात कार्ल्सक्रोना हे आरमारी शहर वसवले आणि आरमाराचे मुख्य ठाणे स्टॉकहोमहून तिकडे हलवले. तेथे दारूच्या गुत्त्यात एखाद्या खलाशाने सुताराचे डोके फोडले, तर खटला नगराच्या न्यायालयात चाले की आरमाराच्या? विचारण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या गावात धुऱ्याच्या भांडणात रजेवर आलेल्या जवानाने माझ्या काकांना बैलगाडीच्या उभारीने मारले होते, आणि काका डोक्याला दुपट्टा बांधून ओट्यावर बसलेले असताना, ठाण्यात जावे की पलटणीला कळवावे, यावरच मंडळी तासभर वाद घालत होती.

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, यवतमाळ जिल्हा)
ताई, सुतार गोदीतला होता की नगरातला, हेही विचारावे लागेल, कारण जहाजे बांधणारे सुतार आरमाराच्याच चाकरीत असत. आरोपी आरमाराचा असेल तर आरमाराचे न्यायालय आणि नगरवासी असेल तर नगराचे, अशी ढोबळ विभागणी होती. त्यामुळे शिवीगाळ, उधारीवरची हातघाई असली रोजची प्रकरणेही लष्करी दप्तरात सापडतात. मला अधिक बोलकी वाटते ती शिक्षा. किनाऱ्यालगतच्या भागांत काही शेतांचा गट करून त्याने एक खलाशी पुरवायचा, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायचा, आणि तो मेला की दुसरा माणूसही त्याच शेतकऱ्यांनी शोधायचा, अशी पद्धत होती. अशा व्यवस्थेत दोन रांगांत उभ्या सोबत्यांच्या छड्या उघड्या पाठीवर घेत चालायला लावणे फाशीपेक्षा परवडत असणार. यात दया होती असे मला वाटत नाही; पाठ भरून आली की तोच माणूस पुन्हा दोर ओढायला मिळत असे.

उत्तर २ (वाचक, बुलढाणा जिल्हा)
इंग्लंडमध्ये रेषा वेगळीकडे होती. १७४९ च्या कायद्यानुसार आरमारी न्यायालयाचा अधिकार मुख्यतः समुद्रावरील आणि जहाजांवरील गुन्ह्यांपुरता असल्याने, पोर्ट्समथ या आरमारी बंदराच्या गल्लीतील मारामारी सहसा मुलकी न्यायाधीशांकडे जाई. गोदी मात्र मुलकी शिक्षेलाही आपला थाट देत असे. तेथील दोरखान्याला आग लावणारा, जॉन द पेंटर या नावाने ओळखला जाणारा इसम विंचेस्टरच्या मुलकी न्यायालयात दोषी ठरला, आणि १० मार्च १७७७ रोजी गोदीच्या दारापाशी जहाजाची सुमारे ६० फूट उंच डोलकाठी रोवून तिच्यावर त्याला फाशी दिले गेले.

उत्तर ३ (निवृत्त सुभेदार, वाशीम जिल्हा)
काकांबद्दल सांगतो. जवान रजेवर असला, तरी लष्करी कायदा त्याला लागूच असतो. १९५० च्या आर्मी अॅक्टच्या कलम १२५ प्रमाणे, कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालय) आणि फौजदारी न्यायालय या दोन्हींना अधिकार असलेल्या गुन्ह्यात खटला कोठे चालवायचा हे आधी लष्करी अधिकारी ठरवतो. फौजदारी न्यायालयाला ते मान्य नसेल, तर कलम १२६ प्रमाणे शेवटी केंद्र सरकार ठरवते. नागरिकाचा खून असेल, तर युद्धसेवेसारखे अपवाद वगळता कोर्ट मार्शलला तो चालवताच येत नाही. पण ठाण्यात नोंद झाली होती का?

प्रश्नकर्ती
नाही, सर. दोन्ही बाजूंनी आधी धुऱ्याची मोजणी करायचे ठरवले. ती काकांच्या बाजूने निघाली आणि नोंद राहूनच गेली.