मदत हवी आहे: पाचवीच्या मुलांना विभाजक-विभाज्य समजावायचं कसं?

पडवीतली शाळा:

नमस्कार मंडळी. संध्याकाळी आमच्या पडवीत चार मुलं अभ्यासाला बसतात. माझी मुलगी, तिच्या वर्गातल्या दोघी आणि शेजारचा एक मुलगा. सगळी पाचवीत. मुली मराठी माध्यमाच्या, तो सेमी इंग्रजीचा. मी शिक्षिका नाही, पण मुलांनी शिष्यवृत्तीला बसायचं ठरवलं आणि कोणीतरी घेऊन बसायला हवं होतं. आता तीन आठवडे झाले, आमची गाडी विभाजक (संख्येला पूर्ण भागणारे) आणि विभाज्य (तिने पूर्ण भागले जाणारे) यांच्यापुढे सरकत नाहीये.

पाढे कच्चे आहेत म्हणावं तर तसंही नाही. २० पर्यंतचे पाढे चौघांनाही धडाधडा येतात. परवा मी विचारलं, ५१ ही मूळ संख्या आहे का? माझ्या मुलीची मैत्रीण लगेच म्हणाली, "हो काकू, ती कुठल्याच पाढ्यात येत नाही." मी म्हटलं, सतरा त्रिक? "एक्कावन्न." मग? तर म्हणते, "ते सतराच्या पाढ्यात आहे. तीनचा पाढा तीसला संपतो ना."

मी गप्पच झाले. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबरच होतं. आपणच दहाव्या ओळीला थांबून पाढा झाला म्हणतो. मग २६ दोनच्या पाढ्यात नाही, ३९ तीनच्या पाढ्यात नाही, असं मुलांनी धरलं तर त्यांची काय चूक? हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले याचं वाईट वाटतं.

दुसरी अडचण शब्दांची. १२ चे विभाजक लिहा म्हटलं की दोन दिवसांनी पुन्हा वहीत १२, २४, ३६, ४८. खोडून सांगितलं की त्या दिवसापुरतं जमतं. आमच्या सासूबाई म्हणतात, "आम्ही अवयव पाडायचो." शेजारचा मुलगा फॅक्टर, मल्टिपल म्हणतो. एकाच पडवीत एका गोष्टीला तीन नावं झाली आहेत.

चिंचोक्यांनी थोडं काम झालं, ते सांगते. प्रत्येकाला १२ चिंचोके दिले आणि म्हटलं, सारख्या ओळी लावा, एकही उरता कामा नये. कोणी ३ ओळींत ४-४ लावले, कोणी २ ओळींत ६-६. एकीने ५ च्या ओळी लावायला घेतल्या, दोन उरले. ते तिने मुठीत लपवले, मग स्वतःच हसून परत काढले. नंतर १३ दिले. बराच वेळ खटपट करून माझी मुलगी म्हणाली, "आई, ह्याची एकच लांब रांग होते." मूळ संख्या म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, ते अजून टिकलंय. पण चिंचोक्यांवरून वहीवर आलं की पुन्हा गोंधळ.

तिसरं म्हणजे मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि लसावि (लघुतम सामाईक विभाज्य). हे मुळात पुढच्या वर्षीचं, पण शेजारच्या मुलाने कुठूनतरी ऐकलं आणि विचारलं. १२ आणि १८ चा मसावि ६, लसावि ३६. तो म्हणतो, महत्तम म्हणजे मोठ्यात मोठा ना, मग तो लहान कसा? आणि लघुतम मोठा कसा? मी नुसती व्याख्या पुन्हा वाचून दाखवली. त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

आणि शेवटचं: ३६ चे विभाजक काढले तर ९ निघाले. बाकी सगळ्यांचे जोडीने येतात, २४ चे ८, १२ चे ६. मग ३६ चे नऊच कसे, असं मुलीने विचारलंय. नियम सांगून मोकळं व्हायचं नाहीये मला. तिला स्वतःला दिसावं असं काही आहे का?

खडूफळा:

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं पाचवीला गणित शिकवतो. आधी शब्दांचं बघू, कारण उत्तर आपल्या भाषेतच आहे. मुलांना भागाकारातले भाज्य आणि भाजक माहीत असतात. भागतो तो भाजक, भागला जातो तो भाज्य. मी त्याला भक्षक आणि भक्ष्य जोडून देतो. वाघ भक्षक, हरीण भक्ष्य, हे पोरांना पक्कं माहीत असतं. तसंच ३ विभाजक, १२ विभाज्य. एकदा ही जोडी बसली की मुलं स्वतःच म्हणतात, "गुरुजी, इथे वाघ कोण?"

एक पथ्य मात्र पाळा. नुसतं "१२ विभाज्य आहे" असं कधी म्हणू देऊ नका. कोणाचा, ते आलंच पाहिजे. १२ हा ३ चा विभाज्य आहे आणि २४ चा विभाजक आहे. नातं आहे ते, संख्येचं नाव नाही. एकच बाई एकीची मुलगी आणि दुसरीची आई असते, तसं. वहीत १२, २४, ३६ येतं ते बहुतेक हे "कोणाचा" सुटल्यामुळे.

सासूबाईंचं "अवयव पाडणं" बंद करू नका. वरच्या वर्गात तोच शब्द भेटणार आहे.

त्रैराशिक:

पाढा दहाव्या ओळीला संपतो ही अडचण माझ्या भाच्याचीही होती. मी पाढा पुढे पाठ करून घेतला नाही. संख्या फोडायला शिकवली. ५१ म्हणजे ३० आणि २१. तीस तीनच्या पाढ्यात, एकवीसही तीनच्या पाढ्यात, म्हणजे ५१ तीनने भागला जाणारच. ९१ म्हणजे ७० आणि २१, दोन्ही सातचे. हे जमलं की ९१ ला मूळ संख्या म्हणायची चूक होत नाही, ती भल्याभल्यांची होते.

अंकांची बेरीज करून तीनची कसोटी लावतात ती इतक्यात देऊ नका, असं माझं मत आहे. ती हाती आली की मुलं फोडून बघायचं सोडून देतात, आणि सात, तेरा यांच्यापुढे अडतात.

शिवाय १ ते १०० चा तक्ता करून एराटोस्थेनिसची चाळणी करून घ्या. हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला ग्रीक विद्वान. १ बाजूला ठेवायचा, २ ला गोल करून त्याचे पुढचे सगळे विभाज्य खोडायचे, मग ३, ५, ७. एवढ्यावरच काम होतं, २५ मूळ संख्या उरतात. तीनचे विभाज्य खोडताना हात तीसपाशी थांबत नाही, ९९ पर्यंत जातो. तुमच्या मुलींना नेमकं तेच हवंय.

चौकटीची वही:

मसावि-लसावि बद्दल. व्याख्या बाजूला ठेवा आणि त्याला उलटं विचारा: १२ आणि १८ चा सगळ्यात लहान सामाईक विभाजक कोण? १. दुसऱ्या कुठल्याही जोडीचा? १ च. म्हणजे तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, म्हणून मोठ्यात मोठा शोधायचा. आता सगळ्यात मोठा सामाईक विभाज्य विचारा. ३६, ७२, १०८... संपतच नाही. म्हणून लहानात लहान. विभाजक संख्येच्या आतच राहतात, विभाज्य तिच्यापासून पुढे जातात.

मग अंगणात खडूने ० ते ४० ची रेषा आखा. एकाने ४ च्या उड्या मारायच्या, दुसऱ्याने ६ च्या. दोघांची पावलं पहिल्यांदा १२ वर पडतात, मग २४, मग ३६. मसाविला २४ पेढे आणि ३६ बर्फ्या घ्या. सगळे पुडे सारखे, काही उरवायचं नाही, जास्तीत जास्त किती पुडे? १२, प्रत्येकात २ पेढे आणि ३ बर्फ्या.

पडवीतली शाळा:

मनापासून आभार. आठवडाभर करून पाहिलं, म्हणून उशिरा लिहितेय.

वाघ-हरीण लगेच लागू पडलं. भिंतीवर कागद लावलाय: विभाजक, फॅक्टर, अवयव एका ओळीत, विभाज्य आणि मल्टिपल दुसऱ्या ओळीत. ५१ वाल्या मुलीने काल आपणहून ८७ फोडून दाखवले, ६० आणि २७.

३६ चं मुलीने स्वतःच शोधलं. ३६ चिंचोक्यांच्या ४ ओळी लावून तिने पाट फिरवला, तर ९ ओळी झाल्या. म्हणजे ४ आणि ९ ची जोडी. मग ६ ओळींत ६-६ लावून फिरवला, पुन्हा तेच. "आई, ६ ला जोडीदार नाही, तो स्वतःचाच जोडीदार आहे." लगेच १६ आणि २५ लावून बघितले, आणि ४९ साठी शेजारून चिंचोके मागून आणले.

उड्या मारताना मात्र शेजारच्या मुलाने नवीन काढलं. आम्ही दोघं पहिल्यांदा शून्यावरच एकत्र होतो, मग लसावि शून्य का नाही? काय सांगू?

चौकटीची वही:

त्याला सांगा, तुझं निरीक्षण बरोबर आहे. ४ ची एकही उडी न मारता तू शून्यावर उभा आहेस, म्हणून शून्य हा ४ चाही विभाज्य आणि ६ चाही. पण तो धरला तर प्रत्येक जोडीचा लसावि शून्यच येईल आणि काहीच कळणार नाही. म्हणून लसावि काढताना निदान एक उडी मारल्यानंतरची भेट धरायची. आणि मग त्यालाच ८ आणि १२ च्या उड्या मारायला लावा, भेट कुठे होईल ते आधी वहीत लिहून.